बाळाचा कागद कुणासाठी?

मंडळी, शहाडमध्ये बसून नवजात बाळांच्या नोंदींवर बोलायचं, तर आधी बाळाचा प्रवास बघू. अंबरनाथ-बदलापूरला जन्मलेलं आजारी बाळ उल्हासनगरला आणतात, गरज पडली तर तिथून कळव्याला किंवा मुंबईला. बाळाला अजून नावही नसतं. ‘अमुकीचं बाळ’ एवढीच ओळख. मागे काय घडलं हे पुढच्या डॉक्टरला सांगतो तो सोबतचा कागद.

आमची टीका या कागदावर आहे. केसपेपरवर ‘प्रकृती स्थिर’ लिहिलेलं असतं. स्थिर म्हणजे नेमकं काय? श्वास मिनिटाला किती, दूध किती प्यायलं? पुढच्या पाळीच्या सिस्टरला यातलं काहीच कळत नाही. औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन अंदाजे लिहून चालत नाही. आणि तापमानाच्या रकान्यात रात्रभर सगळ्याच बाळांचं ३६.८ दिसलं, तर थर्मामीटर लावला होता का, हे विचारायलाच हवं.

याउलट गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या घरी जाऊन वजन, तापमान, श्वास मोजायच्या आणि लिहायच्या. जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं नोंदीत दिसली, की उपचार सुरू. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. अर्थात हे यश एकट्या नोंदींचं नाही, उपचारांचंही आहे. पण तिथे नोंद बघून पुढचं पाऊल ठरत होतं.

हा नमुना जसाच्या तसा रुग्णालयात आणा, असं आम्ही म्हणणार नाही. एका सिस्टरकडे रात्री कितीतरी बाळं असतात. एकच आकडा केसपेपरवर, रजिस्टरमध्ये आणि परत संगणकात भरायला लावला, तर पाळी संपताना आठवून आठवून रकाने भरले जाणारच. त्यात दोष तिच्या आळसाचा नाही, रकाने आखणाऱ्यांचा आहे.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. आकडा एकदाच लिहावा, पाळण्याशेजारी, मोजल्या क्षणी, वेळेसकट. पाळी बदलताना दोघी सिस्टरनी तो मोठ्याने वाचावा. बाळ दुसरीकडे पाठवताना वजन, शेवटचं तापमान, दिलेलं औषध आणि त्याची वेळ एका पानावर जावी. नाहीतर दिलेलं इंजेक्शन पुन्हा दिलं जातं किंवा द्यायचं राहून जातं. दीड किलोच्या जिवाला दोन्ही चुका महागात पडतात.