नवागामची अहिराणी आणि दोन दूरच्या भाषा

उधन्याहून जळगावकडे फुटणाऱ्या लोहमार्गालगत सुरत शहराची नवागाम-डिंडोली ही वस्ती आहे. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमागांच्या व इतर कामधंद्यासाठी आलेली शेकडो कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. त्यांच्या घरात अहिराणी, मराठी शाळेत प्रमाण मराठी व बाजारात गुजराती चालते. अशा घरचे मूल वर्गात ‘माय घरमा शे’ असे म्हणाले की पुष्कळदा त्याला अशुद्ध मराठीबद्दल टोकले जाते. आणि शेजारचा गुजराती गृहस्थ हेच वाक्य ऐकून ही मोडकी गुजराती आहे असे समजतो. दोघांचाही निवाडा एकाच सदोष रीतीतून निघतो, असे आमचे म्हणणे आहे.

ही रीत म्हणजे कानाला ओळखीचे वाटलेले शब्द मोजून भाषेचे कूळ ठरविणे. युरोपातील पंडितही तिला एकदा फसले होते. आर्मेनियन भाषेत इराणी शब्दांचा एवढा भरणा आहे की दीर्घकाळ ती इराणी शाखेतीलच मानली जात असे. हजार या संख्येला आर्मेनियनमध्ये ‘हजार’च म्हणतात, आपणही म्हणतो, आणि दोघांनी तो शब्द इराणकडूनच घेतला. पण त्यावरून मराठीला कोणी इराणी म्हणत नाही. १८७५ साली ह्यूब्शमान यांनी उसन्या शब्दांचा थर बाजूला सारून खालचे ध्वनिनियम तपासले व आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातील स्वतंत्र शाखा असल्याचे दाखविले. आपल्या ‘द्वि’चा सगोत्र शब्द तेथे ‘एर्कु’ आहे. कानाला हे नाते मुळीच जाणवत नाही. नियमाने मात्र ते सिद्ध होते. (सुरतेच्या वाचकांना आर्मेनियन अगदीच परके वाटू नयेत. त्यांच्या व्यापाऱ्यांचे जुने कबरस्तान याच शहरात, डचांच्या कबरस्तानाशेजारी आहे.)

लिथुआनियनची गोष्ट नेमकी उलट आहे. संस्कृत शिकलेल्या माणसाला तेथील ‘सूनुस्’, ‘अविस्’ व ‘उग्निस्’ हे शब्द सूनुः, अविः व अग्निः यांचे शेजारी वाटतात. आता ग्रंथांचे वय पाहावे. आर्मेनियनला पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप माश्तोत्स यांनी लिपी दिली व त्याच शतकात तीत बायबलचे भाषांतर झाले. लिथुआनियनचे पहिले छापील पुस्तक, माझ्विदास यांची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी, १५४७ साली निघाले. ज्या भाषेला हजार वर्षांहून अधिक ग्रंथपरंपरा लाभली तिचे ध्वनी ओळखू न येण्याइतके पालटले, आणि जी शेतकऱ्यांच्या तोंडी राहिली तिने जुनी रूपे सांभाळली. तेव्हा ज्या बोलीत ग्रंथ नाहीत ती भ्रष्टच असणार, हा आपल्या शिक्षकवर्गात रुजलेला समज किती उथळ आहे, ते वेगळे सांगावयास नको.

या दोन कसोट्या घेऊन अहिराणीकडे वळावे. ‘माय घरमा शे’ यातील ‘घर’ मराठी व गुजराती दोघींचे आहे, ‘माय’ मराठीच्या ओळखीची आहे. पण वाक्य ज्यांनी बांधले तो ‘मा’ प्रत्यय व ‘शे’ हे क्रियापद गुजरातीच्या ‘मां’ व ‘छे’ यांच्या जवळचे आहेत. षष्ठीचे ना, नी, नं हे प्रत्यय गुजरातीच्या नो, नी, नुं यांच्याशी जुळतात. ‘मी करसू’ हा भविष्यकाळ मराठीच्या ‘करीन’पेक्षा गुजरातीच्या ‘करीश’ला जवळचा, आणि ‘गेला’तील लकार सोडून अहिराणी ‘गया’ म्हणते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर, नवव्या खंडात, स्थान मिळाले त्याचे कारण हेच.

परंतु येथे आम्हांला त्या सर्वेक्षणाच्या पूर्ण आहारी जावेसे वाटत नाही. सर्वनामे सहसा उसनी घेतली जात नाहीत. अहिराणीचे ‘मी’ गुजरातीच्या ‘हुं’शी न जुळता मराठीशी जुळते. चतुर्थीच्या ‘माले’, ‘तुले’ या रूपांना वऱ्हाडीचे ‘मले’, ‘तुले’ अगदी लागून आहेत. आर्मेनियनचा दाखला येथे तोकडा पडतो, तो यामुळे. आर्मेनियन व इराणी फार प्राचीन काळी दुरावल्या होत्या. मराठी, गुजराती व अहिराणी या एकाच अंगणातल्या असून त्यांच्यामधील कुंपण कधी पक्के झालेच नाही. म्हणून अहिराणीला कोणत्या तरी एकीच्या पदरात टाकण्याची घाई आम्हांला मान्य नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशीची नोंद स्वतंत्र भाषा म्हणून झाली व तिच्या भाषिकांची संख्या १८ लाखांहून अधिक भरली, हेही ध्यानात घ्यावे.

जाता जाता एका रूढ चुकीचा उल्लेख केला पाहिजे. १९५२ साली ज्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली त्या बहिणाबाई चौधरी यांची भाषा अहिराणी, असे वर्गावर्गांतून सांगितले जाते. ती लेवा गणबोली होय. ‘डोळा’चा ‘डोया’ दोन्ही बोलींत होतो, एवढ्याच साम्यावर हा घोटाळा टिकून आहे. शे, मा, करसू ही अहिराणीची खूण त्या गाण्यांत कोणी शोधून पाहत नाही. ओळखीच्या एका ध्वनीवरून कूळ ठरविण्याची ही तीच जुनी सवय.

नवागामच्या वर्गात यातून काय घडावे? ‘शे’ खोडून ‘आहे’ लिहिण्यापूर्वी शिक्षकाने फळ्यावर ‘शे’, ‘छे’ व ‘आहे’ शेजारी शेजारी लिहावेत आणि आजी कोणते म्हणते, दुकानदार कोणते म्हणतो व पुस्तकात कोणते आहे, असे विचारावे. प्रमाण मराठी त्या मुलाला शिकवलीच पाहिजे, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण तीन भाषांची व्याकरणे जो आठव्या वर्षी न गोंधळता वापरतो त्याच्या पाटीवर ‘अशुद्ध’ असा शेरा मारण्यापूर्वी हात थोडा थबकावा.