डबे जोडले म्हणजे कादंबरी होत नाही

आपल्यातला एखादा तरुण पाच-सात चांगल्या कथा लिहितो आणि त्याला लगेच सल्ला मिळतो : ‘माणसे एकाच वस्तीतली आहेत, कादंबरी करून टाका.’ सल्ला देणाऱ्याच्या मनात कादंबरी थोरली आणि कथा धाकटी, अशी उतरंड असते. उतरंडीचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे; म्हणून हा सल्ला तपासूनच घेतला पाहिजे.

त्यासाठी यिडिश लेखक शोलेम अलेइखेम (१८५९-१९१६) यांच्या रेल्वेकथा पाहाव्यात. १९११ साली त्या संग्रहरूपाने आल्या. झारच्या रशियात गावोगाव हिंडणारा एक ज्यू विक्रेता तिसऱ्या वर्गाच्या डब्यात सहप्रवाशांच्या हकिकती ऐकतो आणि टिपून ठेवतो. ऐकणारा एक, गाडी एक, समाज एक. वरवर पाहता कादंबरीचे सारे सामान तयार आहे.

एका कथेत बाप मुलाला सरकारी हायस्कुलात घालण्यासाठी वणवण करतो, पैसा ओततो. १८८७ पासून ज्यू मुलांच्या प्रवेशाला टक्केवारीची मर्यादा होती. ज्यूंना राहण्यासाठी नेमून दिलेल्या प्रदेशातसुद्धा शंभरात दहा. ही टक्केवारी दार उघडण्यासाठी नव्हती, दार लावून घेण्यासाठी होती. दुसऱ्या कथेत ज्यूंवर चालून येणाऱ्या दंगेखोरांची वाट पाहत गाव जीव मुठीत धरून बसते. येते ते नुसते इंजिन. डबे मागेच राहिलेले असतात. सांगणारा हसत सांगतो. त्या हसण्याखालची भीती, ज्याची वस्ती कधी जळाली आहे त्याला समजावून द्यावी लागत नाही.

आता यांची कादंबरी करायची तर विक्रेत्याला नायक करावे लागेल. त्याला घर, प्रेम, शेवट द्यावा लागेल. मग तो वणवण करणारा बाप दुय्यम पात्र होईल. डब्यात प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने बोलण्याचा जो हक्क आहे, तो जाईल. शिवाय एका प्रवाशाचा घाव दुसऱ्याच्या कथेत पोचत नाही. तो आपल्या स्टेशनावर उतरून जातो. या कथा सुट्या राहिल्या, हेच योग्य झाले.

याच लेखकाच्या टेव्ये दूधवाल्याच्या कथा १८९४ ते १९१४ अशा वीस वर्षांत लिहिल्या गेल्या. तिथे मुली एकेक करून दुरावतात, बायको मरते, शेवटी गावातून हाकलले जाते. आधीचे दुःख पुढच्या कथेत त्याच्यासोबत येते. तिथे कादंबरी आपोआप उभी राहू लागते. कसोटी हीच : आधीच्या कथेतली जखम पुढच्या कथेत वाहते का?

बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातील शीर्षककथेचा नायकही रेल्वेत नोकरीला लागतो. भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो, ती उघडी पडताच मार खातो. कथा तिथे पूर्ण आहे. पण पुढच्या गावी खोली मागताना, नाव सांगताना, त्याची जीभ अडखळली असेल का? हा प्रश्न ज्याला झोपू देत नाही, त्याने कादंबरी जरूर लिहावी. केवळ थोरला लेखक म्हणवून घेण्यासाठी मात्र आपल्या माणसांना एकाच्या मागे एक जुंपू नये.