देवयानीची तीन चित्रं: डीप-स्काय छायाचित्रण आणि त्याचे परीक्षक

ग्रिनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीची ‘अॅस्ट्रॉनॉमी फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा २००९ साली सुरू झाली. २०२० ते २०२५ या काळात तिचा सर्वोच्च पुरस्कार तीन वेळा एकाच दीर्घिकेच्या चित्राला मिळाला. ती दीर्घिका म्हणजे देवयानी, एम ३१. तिच्यात दुर्मीळ असं काही नाही. अंधाऱ्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि दुर्बिणीला कॅमेरा जोडणारा जवळपास प्रत्येकजण पहिल्या हिवाळ्यातच तिच्याकडे वळतो. तरीही तीनदा तीच.

२०२० साली निकोला लेफोदो यांनी थ्री-डी प्रिंटरवर एक जोडभाग बनवून कॅमेरा दुर्बिणीला तिरका बसवला. त्यामुळे चित्राच्या कडा धूसर झाल्या आणि २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली दीर्घिका हात लांबवला तर सापडेल अशी भासू लागली. २०२३ साली मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हिए स्ट्रॉटनर आणि यान सँती यांच्या चित्रात देवयानीच्या शेजारी निळसर प्रकाशाची एक कमान होती, जी त्याआधी कोणीच पाहिली नव्हती. २०२५ साली तीन चिनी छायाचित्रकारांनी दीर्घिकेचे सर्पिल हात चौकटीबाहेर ठेवले आणि फक्त तिचा गाभा दाखवला.

तिन्ही चित्रं तांत्रिकदृष्ट्या चोख आहेत. पण चोख चित्रांचा आज तुटवडा नाही. स्पर्धांसाठी येणारी शेकडो चित्रं नीट फोकस केलेली, स्वच्छ, गोल ताऱ्यांची असतात आणि परीक्षकाच्या नजरेसमोरून निघून जातात. या तीन चित्रांमागे प्रत्येकी एक निर्णय होता. काय दाखवायचं आणि त्यासाठी काय सोडायचं, हे छायाचित्रकाराने दुर्बीण लावण्यापूर्वीच ठरवलं होतं. डीप-स्काय छायाचित्रणाच्या आजच्या अवस्थेबद्दल बोलायचं तर इथूनच बोलावं लागतं.

२०२३ची कमान कशी सापडली ते पाहण्यासारखं आहे. दुर्बीण फक्त १०६ मिलिमीटर व्यासाची होती. हौशी माणसाच्या गच्चीवर सहज मावेल एवढी. पण सगळे जण देवयानीसाठी लाल, हिरवा, निळा आणि फार तर हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर वापरत असताना या चमूने दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीला अनेक रात्री दिल्या. तिथे काही मिळेल अशी फारशी अपेक्षा नसल्याने त्या फिल्टरमधून इतका वेळ कोणी बघितलंच नव्हतं. सुमारे दीड अंश लांबीची, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या तिप्पट अशी ती कमान दिसल्यावर व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांबरोबर २०२३च्या सुरुवातीला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ही कमान देवयानीच्या परिसरातली की आपल्याच आकाशगंगेतली, यावर पुढे संशोधकांत बरीच चर्चा झाली. पुरस्कार मात्र चित्रालाच मिळाला, कारण ते चित्र म्हणूनही सुंदर होतं.

या कलेचा पाया वेळ आहे. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं तेव्हा ५१ मिनिटं प्लेट उघडी ठेवली होती. १८८३ साली अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाच्या छायाचित्रात डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे टिपले. आकाशाबद्दलच्या ज्ञानात कॅमेरा डोळ्याच्या पुढे गेला तो तिथे. १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्स यांच्या छायाचित्रात देवयानीचं सर्पिल रूप उघड झालं.

तेव्हाचा नियम आजही तोच आहे. मंद वस्तूचा प्रकाश वेळेच्या प्रमाणात साठतो, तर गोंगाट (नॉइज) वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून चित्र दुप्पट स्वच्छ हवं असेल तर चौपट वेळ द्यावा लागतो. चौपट स्वच्छ हवं असेल तर सोळापट. एका तासाच्या चित्रावर प्रोसेसिंगचे कितीही हात फिरवले तरी सोळा तासांचा खोलपणा त्यात येत नाही. ही गोष्ट नवशिक्याला पटायला वेळ लागतो, कारण संगणकावरचे बटण लगेच परिणाम दाखवते आणि रात्र दाखवत नाही.

उपकरणांच्या बाबतीत मात्र क्रांती झाली आहे. फिल्मला शंभर फोटॉनांतले मोजकेच पकडता येत. सोनीचा आयएमएक्स ५७१ सेन्सर त्यातले बहुतेक पकडतो. शीत केलेला, २६ मेगापिक्सेलचा, १६ बिटचा असा कॅमेरा आज पगारदार हौशी माणूस बचत करून घेऊ शकतो. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. पिक्सइनसाइट विकत घ्यावं लागतं, पण त्यात गैया उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून ताऱ्यांचा रंग ठरवण्याची सोय आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या दर्जासाठी वेधशाळा लागायची तो आज अंगणात मिळतो.

मग परीक्षक चित्र कशावर बाद करतात? अॅस्ट्रोबिन या संकेतस्थळाची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. आधी काही जण चित्रं पुढे पाठवतात, मग समीक्षक त्यांतून निवडतात, शेवटी परीक्षक ‘दिवसाचं चित्र’ ठरवतात. पहिल्या पायरीवर एकेका चित्राच्या वाट्याला फार वेळ येत नाही, आणि तिथे काही दोष ताबडतोब दिसतात. पार्श्वभूमी ठार काळी केलेली असेल तर मंद धूळ त्या काळ्यात कापली गेली हे उघड होतं. खरं रात्रीचं आकाश पूर्ण काळं नसतं. कोपऱ्यांतले तारे लांबट असतील तर सेन्सर तिरका आहे किंवा कडांपर्यंत चित्र सपाट ठेवणाऱ्या फ्लॅटनर भिंगापासूनचं अंतर चुकलंय. एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट झाक असेल तर प्रकाशप्रदूषणाचा उतार नीट काढलेला नाही. गोंगाट पुसण्याच्या नादात पृष्ठभाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत झालेला असतो. ताऱ्यांभोवती काळी कडी असते. आणि सगळ्यांत जास्त वेळा आढळणारी गोष्ट म्हणजे सगळे तारे पांढरे! तारा जास्त उजळवला की त्याचा रंग जळून जातो, आणि निळसर तरुण तारे व नारिंगी म्हातारे तारे यांतला फरकच नाहीसा होतो.

यांतले निम्मे दोष संगणकावर दुरुस्त होत नाहीत. सेन्सरवरची धूळ आणि कडांचा अंधार काढायला फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसमान उजेडाची चित्रं, नीट घेतलेल्या असाव्या लागतात. प्रत्येक एक्स्पोजरनंतर दुर्बीण काही पिक्सेल हलवली, म्हणजे डिदरिंग केलं, तर सेन्सरचा स्वतःचा ठसा स्टॅकिंगमध्ये, म्हणजे सगळी एक्स्पोजर एकत्र करताना, विरून जातो. न हलवल्यास तिरप्या रेषांचा गोंगाट उमटतो आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर सन्मानाने काढू शकत नाही. ओळख मिळवू पाहणाऱ्याने आधी इथे कष्ट घ्यावेत. मृगातल्या तेजोमेघासारख्या वस्तूसाठी काही सेकंदांची आणि काही मिनिटांची अशी वेगवेगळी एक्स्पोजर घ्यावीत, म्हणजे मधला ट्रॅपेझियम हा तेजस्वी ताऱ्यांचा गट जळत नाही आणि बाहेरची तपकिरी धूळही हाती लागते.

आता कळीचा मुद्दा. २०२२च्या अखेरीस रसेल क्रोमन यांचं ब्लरएक्सटर्मिनेटर आलं. वातावरणाने पसरवलेला प्रकाश पुन्हा एकत्र आणणारं हे न्यूरल नेटवर्क हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींच्या चित्रांवर शिकवलेलं आहे. काळजीपूर्वक वापरलं तर ते थक्क करतं. पण जोर वाढवला की दीर्घिकेच्या हातांवर असे तंतू उमटू शकतात, ज्यांच्यासाठी त्या रात्री पुरेसा प्रकाश आलाच नव्हता. छोट्या पडद्यावर परीक्षकाला ते तपशील वाटतात. गेल्या काही वर्षांतली बरीच चित्रं एकमेकांसारखी दिसतात याचं हे एक कारण आहे, आणि ही काळजीची बाब आहे.

मंद प्रकाशाच्या सीमेवर किती जपून चालावं लागतं, याचं उदाहरण एनजीसी ५९०७ ही कडेने दिसणारी दीर्घिका आहे. २००८ साली न्यू मेक्सिकोतल्या अर्ध्या मीटरच्या हौशी दुर्बिणीतून तिच्याभोवती ताऱ्यांच्या प्रवाहाचे दोन वेढे दिसल्याचं प्रसिद्ध झालं, आणि ते चित्र पाठ्यपुस्तकांइतकं परिचित झालं. २०१९ साली टेलिफोटो लेन्सच्या जुडग्यातून बनवलेल्या ड्रॅगनफ्लाय दुर्बिणीने तीच जागा तपासली. प्रवाह खरा होता, पण तो एकच वळण घेत पुढे जात होता. दुसरा वेढा सापडला नाही. हौशी छायाचित्रकाराचं काम मोठंच राहतं, कारण त्यानेच सगळ्यांना तिकडे पाहायला लावलं. पण आकाशाच्या पार्श्वभूमीपेक्षा कितीतरी मंद असलेल्या प्रकाशात डोळा आणि प्रोसेसिंग मिळून काय काय रचू शकतात, हेही या उदाहरणाने दाखवून दिलं.

याच्या अगदी उलट परंपरा डेव्हिड मालिन यांची. अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत फिल्मच्या जमान्यात त्यांनी प्लेटांवरची अतिमंद नोंद वर आणण्याच्या पद्धती घडवल्या आणि त्यांतूनच मालिन १ ही अवाढव्य, मंद दीर्घिका हाती आली. त्यांची अंधाऱ्या खोलीतली कलाकुसर आजच्या संगणकी पद्धतींपेक्षा कमी कृत्रिम होती असं नव्हे. पण प्लेटवर जे नाही ते त्यांत येऊ शकत नव्हतं.

रंगांचंही असंच एकसुरीपण आलंय. १९९५ साली जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबलमधून गरुड तेजोमेघातले ‘सृष्टीचे स्तंभ’ टिपले, तेव्हा सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. वायूंचे थर वेगळे दिसावेत हा त्यामागचा वैज्ञानिक हेतू होता. आज सोनेरी-निळी छटा ही सवय झाली आहे. हंस नक्षत्रातला असो वा शर्मिष्ठेतला, प्रत्येक तेजोमेघ त्याच दोन रंगांत रंगवला जातो. त्या जागी ऑक्सिजन किती आहे याचा विचारही अनेकदा होत नाही.

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. चिलीतल्या रिओ उर्तादो खोऱ्यात जगभरचे लोक दुर्बिणी भाड्याच्या जागेत ठेवून घरबसल्या चालवतात. वर्षातल्या बहुतेक रात्री तिथे स्वच्छ असतात, हवा स्थिर असते. अनेकांनी मिळून कित्येकशे तासांची चित्रं करण्याची प्रथाही रुळली आहे. त्यात गैर काही नाही, पण शहराच्या कडेला राहणाऱ्याच्या बारा तासांच्या चित्राला त्याच रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे. अॅस्ट्रोबिनवर चित्र अंगणातलं, प्रवासातलं, भाड्याच्या वेधशाळेतलं की दुसऱ्याने घेतलेल्या डेटावरचं हे नोंदवावं लागतं. ग्रिनिचच्या स्पर्धेत आयत्या डेटावर काम करणाऱ्यांसाठी अॅनी माँडर यांच्या नावाचं वेगळं पारितोषिक आहे. ही दिशा बरोबर आहे, आणखी एक पाऊल टाकायला हवं. अंतिम फेरीतल्या प्रत्येक चित्राबरोबर न ताणलेला, न धारदार केलेला मूळ स्टॅक परीक्षकांनी मागून घ्यावा. कोणता तपशील आकाशातून आला आणि कोणता संगणकातून, हे दोन्ही शेजारी ठेवून दहा मिनिटांत कळतं.

महाराष्ट्रातल्या छायाचित्रकारांसाठी परिस्थिती वाटते तितकी प्रतिकूल नाही. पावसाळ्याचे चार महिने जातात आणि नेमका तेव्हाच धनू-वृश्चिकातला आकाशगंगेचा गाभा रात्रभर वर असतो, म्हणून त्यासाठी फेब्रुवारी ते मेच्या पहाटे गाठाव्या लागतात. पण पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या सुरुवातीला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आहे. अक्षांशाचा लाभ तर मोठा आहे. लंडनमध्ये कधीच न उगवणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्याहून क्षितिजावर सुमारे २४ अंश चढतो. कराइना तेजोमेघही १२ अंशांपर्यंत येतो, मात्र तिथे चौपटीहून जास्त जाड हवेतून बघावं लागतं.

दुसऱ्या टोकाला वृषपर्वा नक्षत्रातला स्क्विड तेजोमेघ आहे. फ्रेंच हौशी छायाचित्रकार निकोला उतेर यांना तो २०११ साली सापडला, आणि तोही ऑक्सिजनच्याच फिल्टरमधून. चिलीतल्या त्या महागड्या खोऱ्यातून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. पुण्याच्या अक्षांशावर तो जवळपास ४८ अंशांवर असतो, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी आठच्या सुमारास नेमका उत्तरेला सर्वांत वर पोहोचतो. अत्यंत मंद आहे, दहा-बारा तासांत तो जेमतेम दिसू लागतो. त्याला चाळीस-पन्नास तास द्यायची तयारी असलेल्याने दिवाळीपर्यंतच्या सगळ्या कोरड्या, चंद्र नसलेल्या रात्री त्याच एका फिल्टरसाठी राखून ठेवाव्यात.