एका सेकंदाचा हिशेब

३० जून २०१२ची मध्यरात्र, जागतिक वेळेनुसार. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. घड्याळात एक लीप सेकंद वाढवला आणि लिनक्सचे कितीतरी सर्व्हर ठप्प झाले. कर्नलमधल्या वेळ राखणाऱ्या भागानं सेकंद धरला, पण टायमर चालवणाऱ्या भागाला ते कळवलंच नाही. तो सेकंदभर पुढे राहिला. सेकंदाहून छोट्या मुदती सुरू होताच संपू लागल्या. प्रोसेसर फुकट राबत राहिले. तारीख पुन्हा भरली की यंत्र शांत!

आता २०३५पर्यंत लीप सेकंद थांबवायचं ठरलंय. त्यानं सुटका होईल, पण दोष सेकंदाचा नव्हता. माझा आक्षेप क्वचित चालणारा कोड न तपासण्यावर आहे. वर्षानुवर्षं न वाजवलेला गजर ऐन वेळी वाजेल, हे कशावरून?