मुखपटाआडची राजकन्या
सी. एस. लुइस यांची ‘टिल वुई हॅव फेसेस’ (१९५६) ही कादंबरी क्युपिड-सायकीची प्राचीन कथा ग्रीक जगाच्या सीमेवरील ग्लोम या काल्पनिक राज्यात नेते आणि निवेदन सायकीच्या कुरूप बहिणीकडे, ओरुअलकडे, सोपविते. पुत्राची आस धरलेला राजा तिला तुच्छ लेखतो. ती तलवार शिकते, द्वंद्व जिंकते, मुखपट धारण करून राणी होते. या वाटचालीला मुक्ती म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. विश्वासू बार्डिया तिच्या सेवेत झिजून मरतो, तेव्हा त्याची पत्नी तिच्या प्रेमातील भक्षकवृत्ती उघड करते. पित्याची सत्तालालसा कन्येत वेगळ्या रूपाने उतरली आहे. म्हणूनच देवांविरुद्ध रचलेले तिचे आरोपपत्र उत्तरार्धात तिच्यावरच उलटते, आणि मुखपट खऱ्या अर्थाने तेथेच गळून पडतो.