दोरीच्या अलीकडचे विज्ञान

विज्ञान दिनानिमित्त बोईसर परिसरातील एका शाळेच्या मैदानावर रेडिओ-नियंत्रित विमान-प्रतिकृतींचे प्रात्यक्षिक पाहण्याचा योग आला. विमाने उडविणारी मंडळी एका हौशी क्लबची होती. आसपासच्या शाळांतून आणि दोन आश्रमशाळांतून मुले आणली होती. मैदानात एक नायलॉनची दोरी बांधलेली होती आणि मुलांनी दोरीच्या अलीकडेच बसावे, अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा दिली जात होती.

कार्यक्रम देखणा झाला यात शंका नाही. एका विमानाने पाहुण्यांवर पुष्पवृष्टी केली, दुसऱ्याने हवेत कोलांट्या मारल्या, तिसरे चक्क पाठीवर उलटे होऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला, मीही केला. तरीही घरी परतताना मन स्वस्थ नव्हते. त्याचे कारण शिक्षकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

आधी श्रेय देऊ. ही मंडळी पदरमोड करून, रविवार खर्चून हा छंद जोपासतात. बाल्सा लाकूड, मोटर, बॅटरी, रेडिओ या साऱ्यांची त्यांना हातांनी मिळविलेली जाण असते. पुण्यात सदानंद काळे यांच्यासारख्यांनी अशी प्रात्यक्षिके करून दाखविली आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत तर एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. दोरीलाही माझा आक्षेप नाही. फिरता पंखा बोट कापू शकतो. किलो-सव्वा किलोची वस्तू वेगाने डोक्यावर आदळली तर काय होईल, ते सांगायला नको. माझा आक्षेप दोरीच्या अलीकडे जे चालले होते त्याला आहे.

पहिला आक्षेप स्पष्टीकरणाबद्दल. विमान का उडते, हे निवेदकांनी असे सांगितले : पंखाची पाठ फुगीर असते, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते. खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठायचे म्हणून ती वेगाने धावते, तिचा दाब कमी होतो आणि विमान उचलले जाते. हे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत छापलेले आहे, आपल्यापैकी अनेकांनी ते फळ्यावर लिहिलेही असेल. पण ते चूक आहे. पंखापाशी दुभंगलेल्या हवेच्या दोन भागांनी पुन्हा एकाच वेळी भेटावे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठातील होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ साली ‘फिजिक्स एज्युकेशन’ या नियतकालिकात शिक्षकांसाठीच या चुकीचा परामर्श घेतला. धुराच्या रेषा सोडून पाहिले, तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेशी पोहोचलेली दिसते. गाठभेट होतच नाही!

खरे पाहता एवढ्या लांब जाण्याचीही गरज नव्हती. हे स्पष्टीकरण देऊन पाच मिनिटे झाली नाहीत, तोच विमान उलटे उडाले. फुगीर पाठ खाली गेली, तरी विमान पडले नाही. निवेदकांचे म्हणणे खरे असते, तर ते जमिनीकडे खेचले जायला हवे होते. शेकडो मुलांच्या डोळ्यांसमोर सिद्धांताचे खंडन झाले आणि कोणाच्याही ते लक्षात आले नाही. कारण प्रश्न विचारण्याची ती जागाच नव्हती.

मग योग्य स्पष्टीकरण कोणते? पंख हवेला किंचित कोन करून जातो आणि हवेचा प्रवाह खाली वळवितो. हवा खाली ढकलली, की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पंख वर ढकलला जातो. पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त असतो, हेही खरेच. बर्नुलीचा नियम खोटा नाही. खोटी आहे ती गाठभेटीची गोष्ट. उलट्या विमानाचा वैमानिक नाक थोडे वर धरतो, पुरेसा कोन मिळतो आणि काम भागते. टेबल-पंख्यासमोर एक पुठ्ठा तिरका धरून पाहा. पुठ्ठ्याला फुगीर पाठ नसते, तरी हाताला उचल जाणवते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कार्यक्रम सकाळी अकराचा होता. पाहुणे उशिरा आले आणि उड्डाणे दुपारी दोनला सुरू झाली. पालघरच्या किनारपट्टीवर या दिवसांत दुपारपर्यंत समुद्रावरून वारा सुटतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चौथे विमान पश्चिमेला तोंड करून, वाऱ्यासमोर, सुरेख उडाले. मग वळून वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघाले. ते फार वेगात चालले आहे असे सर्वांनाच वाटले. मोटरचा आवाज कमी झाला, विमान तिरके होऊन वळू लागले आणि एकाएकी त्याचा एक पंख खाली गेला. विमान गिरकी घेत जमिनीवर आदळले. ध्वनिक्षेपकावर ‘तांत्रिक बिघाड’ एवढे दोनच शब्द आले आणि गाण्याचा आवाज वाढविण्यात आला. दोरीकडे धावलेल्या मुलांना मागे बसविण्यात आले.

माझ्या मते त्या दिवसातला विज्ञानाचा सर्वांत मोलाचा क्षण तो होता आणि तो गाण्यात बुडविला गेला.

काय झाले असावे? एक ढोबळ हिशेब करू. समजा, विमान सव्वा किलोचे आहे आणि पंखांचे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर आहे. असे विमान हवेच्या संदर्भात सेकंदाला सुमारे ८ मीटरपेक्षा हळू गेले, तर पंख त्याचे वजन पेलू शकत नाही. हवा पंखाच्या पाठीपासून सुटते आणि उचल ढासळते. ४५ अंश तिरके होऊन वळताना तर ही मर्यादा साडेनऊ मीटरपर्यंत चढते. कारण उचलीचा काही भाग विमानाला वळविण्यात खर्च होतो. आता विमान हवेतून १२ मीटर वेगाने चालले आहे आणि वारा ५ मीटरचा आहे. वाऱ्यासमोर जाताना जमिनीवरून त्याचा वेग ७ मीटर दिसेल, वाऱ्याबरोबर जाताना १७. उडविणारा माणूस जमिनीवर उभा असतो, त्याला हा १७ चा वेग दिसतो. तो बिचकून मोटर मंद करतो. वेग १३ दिसू लागला की त्याला हायसे वाटते. पण हवेतून विमान आता फक्त ८ मीटरने चालले आहे! उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे पंखाचा कोन तोच राहिला, तर १२ वरून ८ वर येताना ती निम्म्याहूनही कमी होते. त्यात वळण घेतले, की पंख पडणारच.

हे गणित मुलांना अवघड जाईल, असे कोणी म्हणेल. सातपाटीच्या कोळ्याच्या मुलाला विचारून पाहा. ओहोटीच्या पाण्याबरोबर खाडीतून बाहेर पडणारी होडी काठावरून भरधाव दिसते. पण होडीचे सुकाणू काठाला जुमानत नाही, ते पाण्याला जुमानते. होडी पाण्याइतक्याच वेगाने वाहत असेल, तर सुकाणू कितीही फिरविले तरी ती वळत नाही. विमानाचे पंख म्हणजे हवेतले सुकाणूच. सापेक्ष वेगाचा जो धडा आपण दोन आगगाड्यांच्या कंटाळवाण्या उदाहरणांनी शिकवितो, तो त्या दिवशी आकाशातून मुलांच्या पुढ्यात येऊन पडला होता.

अर्थात कारण दुसरेही असू शकेल. बॅटरी उतरली असेल, रेडिओचा संपर्क तुटला असेल, गुरुत्वमध्य मागे सरकला असेल. पण यातले प्रत्येक कारण तपासता येते. बॅटरीचा दाब मोजता येतो, सुकाणू हलते का ते ट्रान्समीटरने पाहता येते, अवशेष जुळवून विमान दोन बोटांवर तोलता येते, रुमाल धरून वाऱ्याची दिशा पाहता येते. पंधरा मिनिटांचा हा पंचनामा मुलांसमोर झाला असता, तर कोलांट्यांपेक्षा तो अधिक काळ लक्षात राहिला असता. अपयश झाकले, की मुले एकच गोष्ट शिकतात : विज्ञान म्हणजे न चुकणाऱ्या माणसांचा खेळ, आणि आपण त्यांच्यातले नव्हेत.

प्रतिकृतींचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फॉन्स पेनो याने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याच्याच आराखड्यावर बेतलेले उडते खेळणे १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी घरी आणले, तेव्हा विल्बर ११ वर्षांचा आणि ऑर्विल ७ वर्षांचा होता. ते खेळणे मोडले. मग मुलांनी स्वतः तसेच बनविले, मग त्याहून मोठे बनविले आणि त्यांना कोडे पडले : मोठे खेळणे चांगले उडत का नाही? लांबी-रुंदी दुप्पट केली, तर शक्ती आठपट लागते, हे त्यांना पुढे कळले. त्यांच्या घरात दोरी बांधलेली नव्हती.

आपल्या जिल्ह्याशी या गोष्टीचा संबंध आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांच्याशी राज्य शासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमाननिर्मिती करण्याचा करार केला, तेव्हा इथे बरीच चर्चा झाली होती. त्या गच्चीवरचे विमान टाळ्यांनी बनलेले नव्हते. ते करून, मोडून, पुन्हा करून बनले होते. तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या आणि पाड्यांवरच्या मुलांनी केवळ पाहत बसायचे की हात लावायचा, हा प्रश्न म्हणूनच मला छंदापुरता वाटत नाही.

कार्यक्रम संपल्यावर पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आश्रमशाळेच्या दोन मुलांना पडलेल्या विमानाच्या पंखाचा हातभर फोमचा तुकडा सापडला. त्यांनी तो फेकला. तो गटांगळ्या खात पडला. चार-पाचदा असे झाल्यावर एकाने नळाजवळचा ओला चिखल पुढच्या कडेला थापला. तुकडा दहाबारा फूट सरळ तरंगत गेला. गुरुत्वमध्य पुढे हवा, हा विमानविद्येचा पहिला नियम त्या मुलाने शोधून काढला होता. तेवढ्यात बसची शिट्टी झाली.

शिक्षक मित्रहो, तुमच्या शाळेत असा क्लब येणार असेल, तर त्यांना जरूर बोलवा. पण तीन अटी घाला. एक, उड्डाणाआधी अर्धा तास विमान टेबलावर उघडून दाखवावे आणि मुलांनी ते बोटांवर तोलून पाहावे. दोन, काही पडले-मोडले, तर त्याचा पंचनामा मुलांसमोर व्हावा. तीन, प्रत्येक शाळेने एक ग्लायडर स्वतः बनवून परत न्यावा.

ग्लायडरला खर्च नाही. टीव्हीच्या खोक्यातला पातळ थर्मोकोल किंवा पुठ्ठा घ्या. पंख ४० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद, मागे छोटी शेपटी आणि नाकावर मातीचा गोळा. पंखाच्या पुढच्या कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे तोल साधेल इतकी माती लावा. मग माती कमी-जास्त करत प्रत्येक वेळी दहा फेका करा, अंतरे मोजा, सरासरी काढा, आलेख काढा. सकाळी वारा नसताना आणि दुपारी वारा असताना तुलना करा.

रेडिओचे विमान मात्र परस्पर उडवू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांच्या कक्षेत अशा प्रतिकृतीही येतात. तारापूरला १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे, तेव्हा हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहणे आणि पोलिसांना विचारणे आवश्यकच. हाताने फेकायच्या ग्लायडरला शाळेचे अंगण पुरते, आणि तिथे दोरी बांधावी लागत नाही.