सातव्यांदा उचललेला नांगर

जोशुआ स्लोकम यांचे ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ (१९००) हे पुस्तक एकट्याने शिडाच्या होडीतून केलेल्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेची विजयगाथा म्हणून वाचले जाते. वादळांची वर्णने त्यात आहेतच. पण लेखकाचा कस लागतो तो मॅगेलनच्या सामुद्रधुनीतील पोर्ट अँगोस्तो येथे. वारा साथ देत नाही, म्हणून ‘स्प्रे’ पुन्हा पुन्हा त्याच बंदरात परतते. मधल्या दिवसांत स्लोकम होडीच्या मागच्या टोकाला छोटी डोलकाठी उभारतात. १३ एप्रिल १८९६ रोजी नांगर सातव्यांदा उचलला जातो. माघारीचा हा हिशेब ते लपवत नाहीत. तो वगळून केलेले कौतुक स्लोकम यांना केवळ धाडसी ठरवते. त्यांची सावध, कामसू प्रतीक्षा मात्र नजरेआड करते.